स्वयंपाकघरातून जाणारी वाट

माझ्या रोपवाटिकेला जायची वाट गवंडीकाकांच्या स्वयंपाकघरातून जाते. हे कुणाला सांगितलं की तो हसतो आणि म्हणतो, "म्हणजे त्यांच्या घराजवळून." घराजवळून नाही हो. स्वयंपाकघरातून. उजव्या हाताला गॅस, डाव्या हाताला पाण्याचा माठ आणि मधून मी, हातगाडीवर मिरचीची रोपं घेऊन.

असं का झालं ते एकदाच सांगून टाकते. आमची जमीन गवंडीकाकांच्या जमिनीच्या मागे. पलीकडून खोल ओढा, दोन्ही बाजूंना दरड. रस्त्यावरून तिकडे जायची एकच वाट, ती त्यांच्या जागेच्या मधोमध. माझ्या आजेसासऱ्यांपासून सगळे त्याच वाटेनं गेले-आले आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझे सासरे, म्हणजे मामंजी, आणि गवंडीकाका यांची तर एकमेकांशिवाय चहा न पिण्याइतकी मैत्री. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूचं आमचं राहतं घरसुद्धा गवंडीकाकांनीच बांधलं. घर पुरं झालं त्या दिवशी मामंजी समोर उभे राहिले, मान थोडी तिरकी केली आणि म्हणाले, "भिंत जरा कललीय का रे?"

झालं. गवंडीकाकांनी ओळंबा आणला, भिंतीला लावून दाखवला. मामंजी म्हणाले, "ओळंब्याचं काय घेऊन बसलास, वारा सुटलाय." त्या वाक्यानंतर या दोघांनी एकमेकांचं तोंड फक्त कोर्टात पाहिलं. भिंत कललेली आहे, हे तुम्हाला म्हणून सांगते. पण गवंड्याला तोंडावर असं कोण म्हणतं?

गवंडीकाकांनी मग सूड घेतला. त्यांच्या जागेतून आमची वाट कधी नव्हतीच, असं त्यांनी जाहीर केलं. मामंजी कोर्टात गेले. वाट नव्हती हे सिद्ध कसं करायचं, तर गवंडीकाकांनी तिच्यावर घर बांधलं. खटला चालू असताना! आणि कोर्टात उभं राहून विचारलं, "वाट असती तर तिच्यावर माझं घर कसं उभं राहिलं असतं?"  आमचा वकील दुपारभर नुसता घाम पुसत होता.

निकाल लागला तो असा. वाट जुनी आहे, ती खुली पाहिजे. खुली कशी करायची ते घरमालकानं बघावं. सगळ्यांना वाटलं, आता हा भिंत पाडणार. पण ज्यानं एकेक वीट स्वतःच्या हातानं रचली तो पाडेल होय? त्यानं स्वयंपाकघराला दोन्ही बाजूंनी दारं पाडली, भरलेली हातगाडी जाईल एवढी रुंद, वर बोटभरही नाही. या दारापासून त्या दारापर्यंत लाल लाद्या बसवल्या. बाकी फरशी राखाडी. लाल ते आमचं, राखाडी ते त्यांचं.

कोर्टानं दोन्ही घरांना एकेक अट घातली होती. आम्ही त्या वाटेनं फक्त जायचं आणि यायचं. थांबलो, बसलो किंवा सामान ठेवलं, तर वाट बंद. आणि त्यांनी वाटेवर काही आडवं ठेवलं, तर भिंत पाडायची. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागली. मामंजी आमच्या ओट्यावरून समोरच्या दारातून आत बघायचे. गवंडीकाका आतून माझ्या पायांकडे बघायचे. माझ्या नवऱ्यानंसुद्धा माझे पाय इतके बारकाईनं पाहिले नसतील. पण तो बिचारा दुधाचा टँकर चालवतो, घरी असतो कधी?

यात माझं काय अडलं होतं, तेही सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या मागच्या जमिनीत काटेरी झुडपांशिवाय काही नव्हतं. ती मी साफ केली, हिरवी जाळी बांधली, ट्रे मांडले, बिया टोचल्या. आज आजूबाजूचे सगळे टोमॅटो-मिरचीची रोपं माझ्याकडून नेतात. आमच्या घरात भांडी सासूबाईंची, राग मामंजींचा, गाडी नवऱ्याची. माझं म्हणावं असं त्या जाळीखालीच काय ते आहे. वाट बंद झाली तर ते मला रस्त्यावर उभं राहून लांबून बघावं लागलं असतं आणि रोपं उन्हात माना टाकताना दिसली असती. म्हणून मी थांबत नव्हते. काय वाट्टेल ते झालं तरी त्या लाल लाद्यांवर माझा पाय थांबत नव्हता.

सुरुवातीला काकू, म्हणजे गवंडीकाकांच्या बायको, मी आत शिरले की भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यांचा तरी काय दोष? माणूस भाजी परतत असताना मागून परक्याची हातगाडी खडखडत गेली तर तो काय करील? शिवाय त्यांचा गॅस वाटेच्या एका बाजूला आणि माठ दुसऱ्या बाजूला. स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या आणायचा तर आमची वाट ओलांडावी लागे. एकदा त्या तांब्या घेऊन मधेच उभ्या राहिल्या, काहीतरी आठवत होत्या. समोरच्या ओट्यावरून मामंजी ओरडले, "अडथळा! अडथळा!" काकूंच्या हातातला तांब्याच पडला. त्यानंतर मामंजींनी माझ्या गाडीला घंटी बांधली. मी आत शिरताना ती वाजवायची, आणि काकूंनी ओलांडण्याआधी दोन्हीकडे बघायचं. स्वयंपाकघरात हो! पोळपाट घेऊन उभी असलेली बाई आधी उजवीकडे बघतेय, मग डावीकडे बघतेय, मग धावत ओलांडतेय, हे मी रोज पाहिलंय. पहिल्यांदा हसू आलं. नंतर नाही.

त्या माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य होतं, "दार लोटून घे, माशा येतात." मी चालता चालता "बरं" म्हटलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. परत येताना त्यांनी विचारलं, "आज कसली रोपं?" मी "वांगी" म्हणेपर्यंत पुढचं दार आलं. असं सुरू झालं. त्या खोलीची लांबी एका वाक्याची. जरा मोठं वाक्य असेल तर शेवट मी उंबऱ्याबाहेरून ओरडून सांगायची.

पुढे पुढे काकू राखाडी लाद्यांवरून माझ्या बरोबरीनं चालायला लागल्या. हातात चहाचा कप. या दारात मी तो घ्यायची, चालता चालता फुंकर मारून प्यायची आणि त्या दारात परत द्यायची. एका हातानं गाडी ढकलायची, दुसऱ्या हातानं चहा. जीभ भाजली, पण पाय थांबला नाही. कधी त्या चमचा पुढे धरायच्या. "चव बघ गं." मी चव घेऊन रोपवाटिकेत जायची, येताना सांगायची, "मीठ कमी आहे." तोवर गवंडीकाकांचं जेवण उरकलेलं असायचं. मीठ कमी असूनही ते काही बोलले नाहीत, असं काकूंनी एकदा सांगितलं. "त्यांना कळतच नाही," म्हणाल्या. "मीठ घातलंच नाही तरी कळत नाही. मी मुद्दाम घालून बघते, न घालून बघते."

हे ऐकलं आणि मला बाईची कीव आली. त्या घरात त्यांच्याशी दुसरं कोण बोलत होतं? मुलगी लांब दिली होती. गवंडीकाका दिवसभर कोपऱ्यात बसून माझ्या पायांकडे बघणार. मी मग खेपा वाढवल्या. पूर्वी गाडी खच्चून भरायची, आता थोडीथोडी नेऊ लागले. गवंडीकाका कोपऱ्यातून म्हणाले, "एवढ्या मोठ्या गाडीत एकच ट्रे?"

"नाजूक आहेत, काका," मी म्हटलं आणि घंटी वाजवत निघून गेले.

त्यांना संशय आला. आपली बायको या वाटेवर खूश आहे, हे त्यांना सहन होईना. मग त्यांनी मला थांबवायचे उद्योग सुरू केले. हे वाचून तुम्हाला खोटं वाटेल, पण माणसाला रिकामा वेळ आणि हातात हुन्नर असला की तो काय करील याचा नेम नाही. आधी त्यांनी लाल लाद्यांच्या अगदी कडेला आरामखुर्ची ठेवली, गादी घालून. मी तळपत्या उन्हातून आत यायची आणि ती खुर्ची माझ्याकडे बघायची. मी तोंड फिरवायची. मग त्यांनी बैठकीतला टीव्ही स्वयंपाकघरात आणला आणि त्याचं तोंड वाटेकडे केलं. मी पूर्वी जी मालिका बघायची ती त्यांनी कुठून शोधून काढली देव जाणे. सासू सुनेच्या ताटात काहीतरी मिसळतेय आणि मी गाडी ढकलत बाहेर! त्या सुनेचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात कहर म्हणजे लिंबाची कुंडी. एके दिवशी खिडकीत, वाटेच्या अगदी हाताशी, एक लिंबाचं झाड. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. माझा जीव तिथंच अडकला. रोपांच्या बाबतीत माझं असंच आहे. आजारी रोप दिसलं की मला पुढं जाववत नाही, आणि हे त्या पाजी माणसानं बरोबर हेरलं होतं. मी पावलं बारीक केली. इतकी बारीक की मुंगीनं मला मागं टाकलं असतं. गवंडीकाका खुर्चीतून पुढे झुकले. मी जाता जाता मातीत बोट खुपसलं आणि म्हटलं, "पाणी फार घालताय, काका. खालचं भोक बुजलंय." तेवढ्यात दार आलं. त्यांनी हात खाली आपटला. पण संध्याकाळी कुंडीचं भोक मोकळं केलेलं होतं, हे मी पाहिलं.

मामंजींना हे सांगितलं तर त्यांना चेव चढला. "मग तू बरोबर त्यांच्या जेवणाच्या वेळेला जात जा," म्हणाले. "कुणाचा तरी पाय वाटेवर येईलच. मग बघ भिंत कशी पडते."

"मामंजी, भिंत पडली तर मला काय मिळणार?"

"समाधान," मामंजी म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. या दोघांच्या मधे माझी रोपं आणि काकूंची एकुलती एक वाक्यं होती, पण ती कुणाला दिसत नव्हती.

त्या दिवशी सकाळी गाडीवर टोमॅटोची रोपं होती. रस्त्यावर टेम्पोवाला वाट बघत होता. मी मागच्या दारानं घंटी वाजवत आत शिरले आणि पाहते तो गवंडीकाका लाल लाद्यांवर आडवे. शेजारी थापी आणि कालवलेलं सिमेंट. एक लादी हलत होती, ती बसवायला ते वाकले होते, आणि छातीत कळ येऊन तसेच कोसळले. चेहरा त्यांच्या फरशीच्या रंगाचा झाला होता. काकू त्यांचे पाय धरून त्यांना राखाडी लाद्यांवर ओढत होत्या, कारण ते स्वतःच दातओठ खाऊन सांगत होते, "सरकव... मला सरकव... अडथळा होतोय."

मी काय केलं सांगू? मी जागच्या जागी पाय हलवत उभी राहिले. सवय हो. गाडी धरून, शिपायासारखी, डावा-उजवा, डावा-उजवा. काकूंनी वर पाहिलं. मग माझ्या हलणाऱ्या पायांकडे पाहिलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी गाडीच्या दांड्या सोडल्या आणि त्या लाल लाद्यांवर फतकल मारून बसले. गवंडीकाकांचं डोकं मांडीवर घेतलं, शर्टाची बटणं सोडली.

आणि हा माणूस, ओठ निळे पडलेत, घामानं निथळतोय, यानं बोट वर केलं आणि माझ्याकडे रोखून म्हणाला, "थांबली... ही थांबली..."

"थांबले!" मी ओरडले. "थांबले, बसले, आता गप्प पडा!"

रोपांचे ट्रे आम्ही दोघींनी भराभर तिथंच लाल लाद्यांवर उतरवले. उतरवले कसले, फेकले. काकांना हातगाडीवर घातलं आणि पुढच्या दारातून घंटी वाजवत बाहेर काढलं. ओट्यावरून मामंजी हे सगळं बघत होते. गाडीत रोपांऐवजी गवंडी बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. टेम्पोवाल्यानं रोपांच्या जागी काकांना चढवलं आणि दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आहे, वेळेवर आणलंत. माणूस वाचला.

इथं कुणालाही वाटेल, झालं, आता मिटलं. छे! मी दवाखान्यातून परत येते तर मामंजी चपला घालून तयार.

"कुठं निघालात?"

"वकिलाकडे. आडवा पडला ना तो वाटेवर? डोक्यापासून पायापर्यंत आडवा. याच्याहून मोठा अडथळा कुठला असतो?"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सुनेनं सासऱ्याला बोलू नये असं सगळं बोलले. ते ऐकून घेऊन वकिलाकडे गेलेच. मग गवंडीकाकांच्या वकिलानं उलट अर्ज टाकला, की सूनबाई वाटेवर थांबल्या, बसल्या, आणि टोमॅटोच्या रोपांचं सामानही ठेवलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या वाचून मला रात्री जेवण गेलं नाही.

"तू सांग, मी पाय हलवत होते," मामंजी मला शिकवू लागले. "बसूनही पाय हलवता येतात. बोटं हलत होती म्हण."

चौकशीला कोर्टानं एक साहेब पाठवला, जागेवर जाऊन बघायला. बारीक मिशीचा, नुकताच नोकरीला लागलेला, गोंधळलेला माणूस. तो पुढच्या दारानं आला आणि स्वयंपाकघराच्या मधे उभा राहून घसा खाकरू लागला. मामंजी लगेच म्हणाले, "साहेब, वाटेवर थांबू नका."

"राखाडीवरही थांबू नका," आरामखुर्चीतून गवंडीकाका क्षीण आवाजात म्हणाले. "ते माझं घर आहे. तुम्हाला कुणी बोलावलं नाही."

मग साहेबांनी सगळी चौकशी लाल लाद्यांवर येरझाऱ्या घालत केली. या दारापासून त्या दारापर्यंत जाताना प्रश्न, येताना उत्तर. त्यांचा कारकून मागून लिहीत चालत होता. मला त्याही स्थितीत हसू आलं. या खोलीत बोलायची हीच रीत आहे, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

"तुम्ही थांबलात का?" साहेबांनी जाता जाता मला विचारलं.

मामंजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, बोटं, बोटं. मी जाळीखालची माझी रोपं आठवली. नवीन पेरलेले ट्रे, अजून मातीतून डोकंही वर न काढलेले. "नाही" म्हटलं असतं तर कुणी माझं काय वाकडं केलं असतं? पण समोर काकू उभ्या होत्या. एक माणूस मरत होता आणि मी थांबले नाही, असं त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "थांबले. चांगली बसले."

मामंजींनी डोळे मिटले. साहेब मागच्या दारापर्यंत गेले, वळले.

"घरातल्या कुणी तुम्हाला बस म्हटलं होतं का?" त्यांनी येता येता विचारलं. "म्हणजे कसं आहे, घरच्या माणसानं बोलावून बसवलं असेल तर तुम्ही वाटसरू नाही, पाहुण्या. पाहुण्यांना निकाल लागू होत नाही."

साहेब तसेच चालत राहिले.  खरं सांगते, एवढी वर्षं आम्ही कोर्टकचेऱ्या केल्या, दोन वकील पोसले, घंटी बांधली, चहानं जीभ भाजून घेतली, आणि कुणी कुणाला "बस" म्हटलं असतं तर सगळं सुटलं असतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मी म्हणते की," काकू अचानक म्हणाल्या. "मी रोज म्हणते."

"रोज? मोठ्यानं?"

काकू पदराचं टोक पिळत राहिल्या. "मनातल्या मनात."

"मनातलं लिहिता येत नाही हो, बाई," साहेब म्हणाले, पण ते म्हणताना त्यांचं पाऊल जरा अडखळलं.

मी गवंडीकाकांकडे पाहिलं नाही. मला त्यांच्याकडून कसलीही आशा नव्हती. ज्या दिवसासाठी त्या माणसानं खुर्ची मांडली, टीव्ही फिरवला, झाड आजारी पाडलं, तो दिवस उजाडला होता. ते बायकोकडे बघत होते. बराच वेळ बघत होते, बहुतेक बऱ्याच वर्षांनी.

"मी म्हणालो," ते म्हणाले. "मी म्हणालो होतो तिला बस."

"तुम्ही तर खाली पडला होतात ना?"

"पडूनच म्हणालो."

"खोटं!" मामंजी कडाडले. "साहेब, साफ खोटं बोलतोय हा! तो असं म्हणणं शक्यच नाही!"

"मामंजी," मी दात आवळून म्हटलं, "आपण जिंकतोय."

"याच्या खोट्यावर जिंकायचं? मला नको!" मामंजी रागानं लाल झाले होते. पण साहेबांनी कारकुनाला खूण केली आणि लिहून घेतलं. पाहुणी घरात आली असताना यजमान पडला तर तो अडथळा नव्हे, आजारपण, असंही लिहिलं. दोन्ही अर्ज निकालात निघाले आणि साहेब चालता चालताच पुढच्या दारानं निघून गेले. ते रस्त्यावर पोचल्यावरच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी घंटी वाजवत आत शिरले तर काकू गॅसच्या ओट्यापाशी हात पुसत उभ्या होत्या. गवंडीकाका आत झोपलेले. काकूंनी मोठ्यानं, अगदी साहेबाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "बस!"

मी बसले. त्याच आरामखुर्चीत. काकू समोर स्टूल घेऊन बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा गरम होता, प्यायला भरपूर वेळ होता. मला काही सुचेना. त्यांनाही सुचेना. "गरम आहे," मी म्हटलं. "हो," त्या म्हणाल्या. बसून बोलायची आम्हाला सवयच नव्हती. शेवटी मी उठले, गाडी धरली आणि चालायला लागले, तशी काकूंना कंठ फुटला. मुलीचा फोन आला होता, ती काय म्हणाली, जावई काय म्हणाला, असं सांगत त्या माझ्या बरोबरीनं निघाल्या. दार आलं. पण वाक्य संपलं नव्हतं. काकू त्या वाक्याबरोबर उंबरा ओलांडून बाहेर पडल्या आणि बोलत बोलत थेट आमच्या जमिनीत आल्या, जाळीखाली. आजवर त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. टाकणार कसं? आमच्या जमिनीत त्यांची वाट नव्हती.

मामंजी माझ्या आधीच त्या वाटेनं येऊन तिथं रोपांना पाणी घालत होते. त्यांनी आधी काकूंचे पाय पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे अशी बघत होते की त्यांच्या हातातली झारी खाली आली. मग त्यांनी एक रिकामा क्रेट उपडा केला, बाहीनं पुसला आणि काकूंपुढे सरकवून ओढ्याच्या बाजूला निघून गेले.

काकू बसल्या. आजूबाजूला मिरचीची, वांग्याची, टोमॅटोची रोपं, आणि त्या मधे. एकेका ट्रेला हात लावून हे काय, ते काय, विचारायला लागल्या. मी बिया टोचत होते आणि सांगत होते. हात चालू असले की बोलणं जमत होतं, असं आमच्या लक्षात आलं.

बऱ्याच वेळानं मागच्या दारात गवंडीकाका दिसले. चौकटीला धरून उभे होते. "अगं," त्यांनी हाक मारली, "गॅसवर काहीतरी करपतंय."

"बंद करा," काकू म्हणाल्या.

"कसा करतात?"

काकूंनी पुढचा ट्रे जवळ ओढला. गवंडीकाकांनी एक पाय उचलला, आमच्या मातीकडे पाहिलं आणि परत उंबऱ्यावर ठेवला. पलीकडे यायला त्यांना वाट नव्हती. कुणीतरी "या" म्हणायला हवं होतं. ते काकूंच्या तोंडाकडे बघत तिथंच उभे राहिले, आणि काकूंनी काही त्यांना लगेच बोलावलं नाही.